जिभेचा रोजा

रोजा फक्त पोटाचा नसतो. डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही असतो, हे रमजानमध्ये घरोघरी मुलांना सांगितले जाते. जो खोटे बोलणे सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडल्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. दुसरी एक हदीस मात्र कमी आठवली जाते. रोजेदाराला कोणी शिवी दिली, भांडण उकरून काढले, तर त्याने ‘माझा रोजा आहे’ एवढेच म्हणावे, अशी हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. म्हणजे संयम बोलणाऱ्याने पाळायचा, तसाच ऐकणाऱ्यानेही.

सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांनी २००९ साली या संयमाची वानवा दोनदा पाहिली. मार्च महिन्यात महाबळेश्वरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. ‘झोंबी’कार डॉ. आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरीतील तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली. तरीही विरोध थांबला नाही. संमेलन तोंडावर आले असताना त्यांनी राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले.

वारकऱ्यांचे दुःख खोटे नव्हते. ज्याचे अभंग रोज ओठांवर असतात त्याच्याविषयी कल्पनेने काही लिहिलेले खुपणारच. कादंबरी फसली असेल, तर तसे लिहायला, सभेत उभे राहून यादवांना जाब विचारायला कोणाची हरकत होती? पण माफी मागूनही सुटका नसेल, तर मागणी माफीची नसते, माणूस गप्प बसण्याची असते. ज्या तुकोबांच्या नावाने हे झाले, त्यांच्याच वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा वारकरी परंपराच सांगत आली आहे. त्यांचे लिहिणेही तेव्हा कोणाला तरी खुपलेच होते.

घरात दाणा नाही म्हणून उपाशी राहिलेल्याला कोणी रोजेदार म्हणत नाही. रोजाला नियत लागते. भीतीने मिटलेल्या तोंडाचेही तसेच आहे; त्याला संयम म्हणता येत नाही.

मुस्लिम समाजाने यात दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. १९८८ साली सलमान रश्दींच्या ‘सॅटॅनिक व्हर्सेस’वर भारतात बंदी आली, तेव्हा ते पुस्तक न वाचताच किती तरी जण संतापले होते. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत त्या पुस्तकाविरुद्धच्या निदर्शनांत गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देण्याचा रस्ता तेव्हाही मोकळा होता.

महाबळेश्वरच्या संमेलनानंतर सहा महिन्यांनी मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवर अफजलखानाच्या वधाचे चित्र लागले. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याचे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांचे हे गाव. दगडफेक झाली, संचारबंदी लागली, विसर्जन अडले, लोण सांगली-कोल्हापूरपर्यंत गेले. १६५९ सालची प्रतापगडची घटना हा इतिहास आहे. ती शाळेच्या पुस्तकात आहे, तिचे चित्र काढण्यावर कोणी बंदी मागू नये. ते ऐन वस्तीत, नेमके कोणाला डिवचण्यासाठी लावायचे का, हा मात्र लावणाऱ्याच्या संयमाचा प्रश्न होता. आणि पाहणाऱ्याच्या? तो सप्टेंबर रमजानचा होता. कमानीसमोर जमलेल्यांपैकी किती जण त्या दिवशी रोजा धरून होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.