‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’

रुग्णालयातून घरी येताना हाती पडणाऱ्या कागदावर रोगाच्या नावाआधी पुष्कळदा एक विशेषण असते : ‘ॲक्यूट’ किंवा ‘क्रॉनिक’. अनेक घरांत पहिल्याचा अर्थ ‘फार गंभीर’ आणि दुसऱ्याचा ‘आता बरा न होणारा’ असा घेतला जातो. या समजुतीपायी कधी नाहक धास्ती बसते, तर कधी उपचारांची हेळसांड होते.

‘ॲक्यूट’चे मूळ ‘टोकदार’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. ‘क्रॉनिक’चे मूळ काळवाचक ग्रीक शब्द ‘क्रोनॉस’मध्ये. वैद्यकात ही विशेषणे मुख्यत्वे काळ सांगतात. एकाएकी उद्भवणारे, तास-दिवसांत मोजता येणारे दुखणे ते ॲक्यूट; महिनोन्‌महिने रेंगाळणारे ते क्रॉनिक. गांभीर्य दाखवण्यासाठी ‘माइल्ड’ किंवा ‘सिव्हिअर’ असे निराळे शब्द आहेत. त्यामुळे चार दिवसांची साधी सर्दीदेखील ॲक्यूटच ठरते. मराठीत ॲक्यूटला ‘तीव्र’ हा प्रतिशब्द रूढ झाल्याने घोटाळ्यात भरच पडली. क्रॉनिकसाठी मात्र आयुर्वेदातला ‘जीर्ण’ हा शब्द नेमका बसतो.

मूत्रपिंडाचे उदाहरण घेऊ. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले की मूत्रपिंडांचे कार्य अचानक मंदावू शकते. ही ‘ॲक्यूट किडनी इंज्युरी’. तातडीने उपचार मिळाल्यास हे कार्य अनेकदा पूर्ववत होते. येथे एक दिवसाची दिरंगाईही महागात पडू शकते. याउलट बिघाड ३ महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्यास ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ म्हणतात. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे. आरंभी रुग्णास काहीच जाणवत नाही आणि ‘त्रास नाही, मग गोळ्या कशाला?’ असे म्हणून औषधे परस्पर बंद केली जातात. वास्तविक रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवल्यास हा ऱ्हास पुष्कळ लांबवता येतो.

कधी ‘ॲक्यूट ऑन क्रॉनिक’ असेही लिहिलेले आढळते. म्हणजे जुन्या दुखण्यावर नवा आघात.

तेव्हा वाचकहो, असा शब्द दिसताच डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे दुखणे किती दिवसांचे असावे? सध्या ते कितपत गंभीर आहे? औषधे किती काळ घ्यायची आणि पुढील तपासणी केव्हा? मिळालेली उत्तरे त्याच कागदावर मराठीत लिहून ठेवावीत, म्हणजे घरातील प्रत्येकास ती कळतील.