ओढा खोल करण्याआधी

उन्हाळा आला की ओढ्यात पोकलेन उतरतो. वळणे सरळ होतात, काठची करंज-उंबराची झाडे मुळासकट निघतात आणि सरळ भिंतींचा चर तयार होतो. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार या सरकारी योजनेनंतर हे काम गावोगाव ओळखीचे झाले. माळावरच्या कोरड्या गावांत, नीट जागा पाहून केले तर त्याचा फायदाही आहे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूर, महाळुंग, अकलूज या कालव्याखालच्या पट्ट्यात ओढ्याचे दुखणे वेगळे आहे.

इथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मूळचे ओढे पावसाळ्यात वाहणारे आणि उन्हाळ्यात डोहांपुरते उरणारे. पुढे नीरा उजवा कालवा आला. 1934 मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला आणि शिवार उसाचे झाले. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले जादा पाणी उताराने ओढ्यात येऊ लागले. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाणी मुळाशी तुंबले की रान चिबडते. हे पाणी वाफेने उडून गेले की मागे क्षार उरतात, जमीन पांढरी फुटते.

हे आज कळलेले नाही. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास 1910 सालीच प्रसिद्ध केला होता. तेव्हा उजवा कालवा व्हायचा होता! जादा पाणी निघून गेले तरच जमीन वाचते. म्हणजे या पट्ट्यात ओढा ही निचऱ्याची वाट आहे. ती पाणी अडवण्याची टाकी समजून तिच्यात बांधांवर बांध घातले, तर चिबड वाढणारच.

आणि वाट मोकळी करायची म्हणजे ओढा खरवडायचा, असेही नाही. ओढ्यात डोह हवा, खडकाळ उथळ धारही हवी. धारेत पाण्यात हवा मिसळते. डोहात मासे उन्हाळा काढतात आणि पहिल्या पुराला चढणीला लागतात. एकसारख्या खोल चरात या दोन्ही जागा जातात. त्यात शेतातला युरिया आणि गावाचे सांडपाणी उतरले की जलपर्णी आणि पाणकणीस माजतात. पाण्यातला प्राणवायू घटतो. मग वरची हवा घेऊ शकणारा मरळ टिकतो, तिलापिया तग धरतो, बाकीचे मासे नाहीसे होतात. उघड्या काठावर बेशरम आणि वेडी बाभूळ पसरते.

काठाची झाडे माती धरतात, शेतातले खत पाण्यात जाण्याआधी शोषतात, सावलीने शेवाळ आवरतात. शेवटच्या सरीपर्यंत ऊस लावून तो काठ गिळणे शेतकऱ्याला स्वस्त वाटते. पहिल्या मोठ्या पुरात तीच सरी वाहून जाते.

तेव्हा यंत्र बोलावण्याआधी मोजणी बोलवावी. सातबारावरच्या पोटखराब ‘ब’ वर्गात सार्वजनिक वापराच्या ओढ्याखालची जमीन येते. ती लागवडीसाठी नसते. गावनकाशावरून ओढ्याची जुनी रुंदी शोधून हद्दीचे दगड रोवावेत. डोह आणि वळणे राखून फक्त तुंबलेला गाळ आणि जलपर्णी काढावी, सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडू नये. काठावर करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी लावावी. आणि उसाला ठिबक करावे, कारण ओढ्यात येणारे जादा पाणी शेतातूनच निघते.