नवा कॅमेरा, जुना पीसी

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याच गावात आज लग्नाचे फोटो काढणारा नवा कॅमेरा घेतो आणि जुना पीसी फाईलच उघडत नाही! कॅननची सीआर३ २०१८ साली आली, लाइटरूम ६ चे अपडेट्स २०१७ मध्येच थांबले. मग काय, नवा पीसी? थांबा राव! अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. मित्राच्या नव्या मशीनवर, जुन्या व्हर्जनला चालणारं सेटिंग निवडून, फाईल्स बदलून आणा. मूळ फाईल मात्र पुसू नका. असो. माझं मत विचाराल तर रॉ फाईलची रचना कंपन्यांनी जाहीर करायलाच हवी. फोटो आपला, मग तो उघडायला त्यांची परवानगी कशाला?