बीपी नॉर्मल, तरी पेशंट गंभीर कसा? बोट दाबून होणारी चाचणी किती भरवशाची?

मॉनिटरवर बीपी ठीक, ऑक्सिजन ९७ टक्के. तरीही डॉक्टर म्हणतात, 'पेशंट गंभीर आहे.' आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना प्रश्न पडतो: आकडे चांगले, मग बिघडलंय काय?

बीपीतून काय कळत नाही?

पालेगावसारख्या नव्या इमारतींच्या वस्तीत हे पटकन समजेल. मुख्य लाइनला प्रेशर आहे, म्हणून सातव्या मजल्यावरच्या नळाला पाणी येईलच असं नाही. बीपी हे मुख्य लाइनचं प्रेशर. पेशींना ऑक्सिजन पोहोचतो तो केसाहून बारीक केशवाहिन्यांतून. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे शरीराची यंत्रणाच बिघडते तेव्हा, यातल्या काही वाहिन्या बंद पडतात. औषधांनी बीपी सावरतं, पण किडनी, लिव्हर उपाशीच राहू शकतात.

हा प्रवाह थेट बघता येतो का?

येतो. जिभेखाली छोटा मायक्रोस्कोप-कॅमेरा धरून केशवाहिन्यांतलं रक्त वाहताना दिसतं. पण लाळ आली, रुग्ण हलला की चित्र बिघडतं. कॅमेरा जरा जोरात टेकला, तर त्याच्याच दाबाने प्रवाह थांबतो आणि रुग्ण आहे त्यापेक्षा गंभीर वाटतो. शिवाय जिभेखाली दिसतं तेच आतड्यात घडत असेल, याची खात्री नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही माहिती डॉक्टरांना देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत.

मग बोट दाबून काय होतं?

बोटाचं टोक काचेच्या स्लाइडने १० सेकंद दाबायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ३ सेकंदांहून जास्त लागले तर धोक्याचा इशारा. ही 'कॅपिलरी रिफिल टाइम' चाचणी.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांत ४२४ रुग्णांवर ती तपासली गेली. या चाचणीनुसार उपचार झालेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के मृत्यू झाले, तर रक्तातलं लॅक्टेट पाहून उपचार झालेल्या गटात ४३.४ टक्के. फरक मोठा दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. २०२५ मध्ये १९ देशांतल्या चौदाशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. मृत्यू जवळपास सारखेच राहिले, पण बोट पाहून उपचार झालेल्यांना अवयवांसाठी यंत्र-औषधांचा आधार कमी काळ लागला.

अडचण कुठे आहे?

एसीने हात गार पडले, उजेड कमी असला, नेलपॉलिश असलं की वेळ चुकते. दोन जणांनी मोजलेले सेकंदही वेगळे येतात. सावळ्या त्वचेवर रंग परतल्याचं आणि गुडघ्यांवर पडणारे जांभळट डाग ओळखणं अवघड जातं. कोरोनात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटरही यातून सुटलेला नाही: गडद त्वचेत तो ऑक्सिजन जास्त दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं.

याचा आपल्याशी काय संबंध?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. अशा ठिकाणी शिकणाऱ्यांना महागड्या कॅमेऱ्याआधी काचेची स्लाइड आणि घड्याळ पुरेल. अट एकच: प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, एकाच पद्धतीने मोजायचं.

नातेवाइकांनीही एका आकड्यावर अडकू नये. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: लॅक्टेट उतरतंय का, लघवी पुरेशी होतेय का, आणि बोटाचा रंग सकाळपेक्षा लवकर परततोय का?