काचेचं दार, फरशीला ढाळ नाही

दिल्लीच्या करोल बागेत घर दुरुस्तीला काढलं की न्हाणीघरात काचेचं दार हवंच, असा हल्ली दंडक झालाय. न्हाणीघर केवढं? जेमतेम पाच बाय सहा फूट. कमोड, बेसिन, गीझर सगळं त्यातच. आंघोळ मात्र बादलीने, कारण नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं. शॉवर शोभेचा, आणि आता त्या शोभेला दार!

हे खूळ आलं आमच्याच गल्लीबोळांतल्या हॉटेलांतून. तिथे पाहुणा एक रात्र काढतो आणि काच पुसायला पगारी माणूस असतो. घरात बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग घासत कोण बसतं, ते सांगायला नको. दार पसंत करताना त्या घरच्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

दार कशासाठी, तर बाहेरची फरशी कोरडी राहावी म्हणून. अहो, ते काम ढाळाचं! पाणी जाळीकडे जातच नसेल तर दाराखालच्या रबरी पट्टीला ते काय जुमानणार? पण मिस्त्रीला ढाळाचं विचारा, तो टाइलचा रंग दाखवतो. वर 'सब सेट हो जाएगा' आहेच.

राष्ट्रीय बांधकाम संहितेने संडास-न्हाणी एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा सांगितलीय, म्हणजे साधारण हीच पाच बाय सहा. एवढ्यात दार उघडणार कुठे? बाहेर उघडलं तर कमोडला थडकतं. आत उघडलं आणि आजोबा घसरून पडले, तर त्यांच्याच अंगाने दार अडणार. काढा मग त्यांना बाहेर!

काचही काही साधी नव्हे. टफन्ड काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. त्यानंतर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. मधोमध ठोसा सोसेल, पण टाइलवर कड आपटली की क्षणात चुरा. १० मिलिमीटर जाडीची असेल तर चौरस मीटरला २५ किलो भरते. म्हणजे दोन फुटी दार पंचवीस-तीस किलोंचं. ते टांगायचं अर्ध्या विटेच्या भिंतीवर, मागे पोकळ वाजणाऱ्या टाइलवर. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या मानकाचा शिक्का आहे का, हे पाहणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचाय.

खरा संताप वेगळाच आहे. इथे विटा-खानापूरकडची, सोनं गाळणारी गलाईवाली मंडळी आहेत. सोन्यात रतीभर तूट आली तर जेवण गोड लागत नाही त्यांना. पण त्यांच्याच न्हाणीघराची भिंत ओळंब्यात नाही, कोपरा गुण्यात नाही, याचं कुणाला काही नाही. सरळ काच वाकड्या भिंतीला भिडते, वर बोटभर फट राहते, आणि तिच्यात सिलिकॉन कोंबतात. ते नीट सुकायला दिवसभर तरी द्यावा, तर त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना दाखवायला शॉवर सोडलेला.

या दाराच्या पैशांत फरशी उखडून ढाळ नीट करून घेता येतो आणि वर दांडी, पडदाही येतो. हे सुचवलं की नाकं मुरडतात. पडदा फोटोत चांगला दिसत नाही म्हणे.