‘स्ट्राइक’ आणि संप

इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ हा लहानसा शब्द अनुवादकाच्या मेजावर वारंवार येतो. घड्याळाचे ठोके पडणे, काडी पेटवणे, सौदा ठरवणे, हजेरीपटावरून नाव खोडणे, विमानांतून बाँबहल्ला करणे, या साऱ्यांसाठी इंग्रजी भाषा हाच शब्द वापरते. या गर्दीत कामगार वर्गाचा अर्थ त्यात कोठून आला?

जुन्या इंग्रजीत या क्रियेचा अर्थ हात फिरवणे, घासणे असा सौम्य होता. प्रहाराचा अर्थ मागाहून आला. खलाशांच्या भाषेत मात्र शीड वा निशाण खाली उतरवणे म्हणजे ‘स्ट्राइक’. शत्रूपुढे निशाण उतरवले की ती शरणागती. १७६८ साली थेम्स नदीवरील खलाशांनी वेतनवाढीसाठी जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे अडवून धरली. शरणागतीचा शब्द असा प्रतिकाराचा शब्द झाला.

प्रत्येक भाषेने या कृतीचे वेगळे अंग टिपले आहे. पॅरिसच्या ज्या ग्रेव्ह चौकात बेकार मजूर कामाच्या शोधात जमत, त्या चौकाचेच नाव फ्रेंच भाषेने संपाला दिले. हिंदीतील ‘हड़ताल’ म्हणजे हाटाला टाळे. आमचा शब्द याहून मोलाचा आहे. शेजारच्या गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. मराठीत त्याच शब्दाने काम बंद पाडण्याचा बोध होतो. इतर भाषा परिणाम सांगतात, मराठी त्यामागील शक्ती सांगते. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ साली ते सहा महिने लढले. या शब्दाचा खरा कोश त्यांनीच लिहिला.

आज त्याचा अर्थ राज्यकर्ते ठरवू पाहत आहेत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच. चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेचे जे बंधन १९४७ च्या कायद्यात सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते, ते या संहितेने सर्व औद्योगिक आस्थापनांवर लादले. व्याख्या जितकी रुंद केली, तितका हक्क अरुंद झाला. दुसरीकडे, २०१६ पासून भांडवलदारी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘स्ट्राइक’ म्हणजे लष्करी हल्ला असेच समीकरण रूढ झाले आहे.

अशा वेळी आपल्याच पत्रकांत ‘कामबंद आंदोलन’ असा गुळमुळीत शब्दप्रयोग का दिसावा? काम तर मालकही बंद ठेवतो. त्याला टाळेबंदी म्हणतात. संप फक्त कामगारच करू शकतात, आणि तेही एकत्र येऊनच. म्हणून कॉम्रेड्स, संपाला संपच म्हणा. जो वर्ग आपल्या हत्याराचे नाव उच्चारण्यास कचरतो, त्याच्या हातून ते हत्यार काढून घेणे सोपे जाते.