बादलीभर चेंडूंचा भ्रम

कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर सुट्टीच्या सकाळी उभे राहिले, की नवशिका गोल्फर लांबूनच ओळखू येतो. तो बादलीभर चेंडू घेतो, पिशवीतून ड्रायव्हर काढतो आणि एकामागून एक फटके हाणत सुटतो. विसाव्या-पंचविसाव्या चेंडूला कुठे लय सापडते, शेवटचे दहा झकास उडतात आणि गडी खूश होऊन घरी जातो. पुढच्या रविवारी तोच माणूस येरवड्याच्या किंवा खारघरच्या कोर्सवर पहिल्या टीवर उभा राहतो तेव्हा ती लय कुठल्या कुठे पळालेली असते. मग दोष हाताला, काठीला, कधी चक्क बुटांना दिला जातो. दोष खरे तर सरावाच्या रीतीत असतो. रेंजवर मिळते ते कौशल्य बरेचसे रेंजवरच राहते. म्हणून नवशिक्याने चेंडूंची संख्या वाढवण्यापेक्षा आपला सराव खेळासारखा करण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे म्हणणे आहे.

याला आधार आहे आणि तो बऱ्यापैकी जुना आहे. १९७९ साली शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींचा एक साधा प्रयोग केला. एका गटाने एकच हालचाल पुन्हा पुन्हा घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने सगळ्या हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. काही काळाने पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे गेला. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांनी हीच गोष्ट बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर पडताळली. शिकणाऱ्या मुली नवख्या होत्या आणि निष्कर्ष तोच निघाला. कारण समजायला अवघड नाही. तोच फटका तिसऱ्यांदा मारताना डोके काहीच ठरवत नाही, आधीच्या फटक्याची नक्कल करते. कोर्सवर मात्र प्रत्येक वेळी अंतर वेगळे, उतार वेगळा, काठी वेगळी, आणि दोन फटक्यांच्या मध्ये काही मिनिटांची चाल. तिथे दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि नेमका तोच भाग रेंजवर घोटलेला नसतो. म्हणून तीस चेंडू घ्या, पण एक ड्रायव्हर, मग सात नंबरचे आयर्न, मग वेज असे फिरवत मारा. दर वेळी मागे सरका, निशाण बदला, पुन्हा पवित्रा घ्या. सराव रटाळ आणि निकाल वाईट वाटेल. वाटू द्या.

यावर कोच मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: आधी स्विंग तर बसू दे, मग फिरवाफिरव. आक्षेपात तथ्य आहे. काठी धरायची कशी, पाय किती फाकायचे, हे ज्याला अजून माहीतच नाही त्याला सुरुवातीचे काही दिवस एकच फटका घोटावा लागणार. ग्रिप आणि पवित्रा एखाद्या जाणत्याकडून शिकून घ्यावेत हेही खरे, कारण चुकीची पकड एकदा हातात मुरली की ती सोडवणे महाग पडते. पण ‘स्विंग बसणे’ ही अवस्था कधी संपतच नाही, ही खरी अडचण आहे. सहा महिने झाले तरी माणूस कोपर, मनगट, खांदा, डोके यांचा हिशेब मांडत राहतो. संशोधक गाब्रिएले वूल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांना छोटा पिच फटका शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला काठीच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितले. काठीकडे पाहणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले. शरीराकडे जितके रोखून पाहावे तितके ते अवघडते. रस्त्याने चालताना कोणी आपल्या चालीकडे टक लावून पाहत असले तर पाय कसे अडखळतात, तसेच हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या गोल्फरांचा समज असा, की सामने पटरने जिंकले जातात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासून हा समज हलवला. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंच्या गुणांतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत पडतो, असे त्यांनी दाखवले. मग नवशिक्याने ड्रायव्हरच का हाणू नये? कारण लांबच्या फटक्यात तो जे गमावतो ते मुख्यतः चुकलेल्या फटक्यांमुळे आणि हरवलेल्या चेंडूंमुळे. अंतर कमी पडणे हे त्यानंतरचे. टीवरून मारलेला चेंडू हद्दीबाहेर गेला की एक दंड बसतो आणि पुन्हा तिथूनच मारलेला फटका तिसरा ठरतो. झुडपात चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. अशा दोन-तीन चुकांनी अख्खी फेरी बुडते. उलट, २०२० मध्ये आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने कमाल मर्यादा ५४ ठेवली आहे, म्हणजे दर होलला तीन फटके जादा. चार फटक्यांचा होल सातात संपवणे हे नवशिक्यासाठी अपयश नाही, नियमांनी मान्य केलेली पातळी आहे. मग अरुंद होलवर ड्रायव्हर पिशवीतच राहू द्यावा आणि जी काठी दहापैकी आठ वेळा सरळ जाते ती काढावी. पिशवीत कमाल चौदा काठ्या चालतात, किमान किती हव्यात हे कुठेच लिहिलेले नाही. सुरुवातीला सात पुरतात. दुकानदार वेगळे सांगेल.

आणि अंतरावाचून काय साधते हे टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या आदिती अशोकने दाखवले. कोविडने अंगातली ताकद गेलेली, फटक्याच्या लांबीत ती साठ जणींमध्ये तळाशी होती, आणि तरीही १५ अंडर पारवर चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने हुकले. ग्रीनवर तिच्या तोडीची त्या आठवड्यात क्वचितच कोणी होती. पण पटरच्या बाबतीतही आपण स्वतःकडून भलतीच अपेक्षा ठेवतो. पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून सातातला जेमतेम एक. तेव्हा वीस फुटांवरून होलवर नेम धरण्यात नवशिक्याने जीव आटवू नये. चेंडू होलपासून हातभर अंतरात थांबेल एवढा वेग साधला की पुरे. गोट्या खेळणारे पोर गलीपासून लांब असताना थेट गल गाठायच्या मागे लागत नाही, गोटी आधी जवळ आणून ठेवते. ग्रीनवर तेवढेच शहाणपण लागते.

तेलंगणातल्या बेज्जूरमध्ये बसून हे वाचणाऱ्याला आणखी एक आक्षेप सुचेल: आमच्याकडे कोर्स आहे कुठे? आधी आदिलाबाद आणि २०१६ पासून कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेला हा जंगलपट्टा. गोल्फ पाहायचा तरी कागजनगरला गाडी धरून हैदराबाद गाठावे लागते. खेळ महाग आहे, जागा आणि पाणी खातो, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण नोकरीनिमित्त पुण्या-हैदराबादेत काठी हातात धरलेला माणूस सणासुदीला गावी येतो तेव्हा त्याचा सराव थांबायचे कारण नाही, कारण वर सांगितलेल्यातले निम्मे कोर्सशिवाय होते. गोल्फच्या होलचा व्यास १०.८ सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या मोठ्या वाटीएवढा. झाडून घेतलेली ओसरी, एक पटर आणि तीन, सहा, दहा फुटांवर खडूच्या खुणा. दर पट वेगळ्या खुणेवरून, चेंडू एकच. अंगणात घमेले ठेवून चिप मारायची असेल तर भोकांचा हलका प्लास्टिकचा चेंडू घ्यावा आणि पोरे-ढोरे आजूबाजूला नाहीत हे आधी पाहावे. खरा चेंडू डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. किती पट गेले, किती राहिले हे वहीत लिहावे.

शहरात परतल्यावर रेंजवर जाल तेव्हा निम्मीच बादली घ्या आणि उरलेला वेळ पटिंग ग्रीनवर एका चेंडूनिशी घालवा. तिथे बहुधा गर्दी नसते.